आवर्तन ठरतं कुठे? टेलच्या एका खातेदाराचं खुलं पत्र

प्रति,
कालवा सल्लागार समितीचे मा. अध्यक्ष, सन्माननीय सदस्य आणि पाटबंधारे खात्यातले सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

धरणाचं, कालव्याचं आणि माझं नाव या पत्रात टाकलेलं नाही. टाकलं, तर प्रकरण एखाद्या शाखाधिकाऱ्याच्या बदलीवर मिटतं, नाहीतर माझ्या थकीत पाणीपट्टीची फाईल एकदम वर येते. दोन्ही पाहून झालंय. शिवाय महाराष्ट्रातल्या कुठल्याही कालव्याच्या शेवटच्या चारीवर हे वाचलं, तरी लोकांना वाटेल की आपल्याच साहेबांना लिहिलंय. वाटू द्या.

माझी जमीन तीन एकर. कालव्याच्या शेवटच्या फाट्यावर, म्हणजे वितरिकेवर, शेवटून दुसरा मोघा, म्हणजे शेताला पाणी घ्यायचं दार. आमचं हे शेपूट म्हणजे टेल, पाणी आधी पोचतं ते सुरुवातीचं टोक म्हणजे हेड. माझ्यापुढे एकच शेतकरी, त्याच्यापुढे ओढा. आमच्याकडे पाण्याआधी त्याचा कचरा येतो. कोरड्या चारीतून फेस सरकत येतो, त्यावर उसाचं पाचट, गुटख्याच्या पुड्या, एखादी चप्पल, आणि या सगळ्याच्या मागे बोटभर पाणी. रात्री बॅटरी घेऊन त्या फेसाबरोबर काठाकाठाने चालत यावं लागतं. वाटेत कोणी दगड लावला, गोणपाट कोंबलं, की फेस तिथेच थांबतो आणि तुम्ही पुढे एकटेच चालत राहता. दारं धरणं म्हणजे काय हे समितीतल्या काही सदस्यांना लहानपणापासून माहीत आहे. त्यांनी आता ते बऱ्याच वर्षांत केलेलं नाही, एवढंच.

पाणी कमी मिळतं अशी तक्रार करायला मी बसलो आहे, असं तुम्हाला पहिल्या दोन ओळींतच वाटलं असेल. तशा निवेदनांचा गठ्ठा तुमच्याकडे आहे, त्यातली चार माझीच. हे पत्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे: आवर्तन, म्हणजे कालव्याला ठराविक दिवस सोडलेलं पाणी, ठरतं कसं आणि कुठे.

२०१८ साल तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबर अखेरीला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुका होता. धरणात पिण्याचं पाणी राखून शेतीला जेमतेम एक आवर्तन निघणार होतं. त्या वेळचे आमचे पाटकरी, म्हणजे चारीवर पाणी सोडणारे-वाटणारे कर्मचारी, निवृत्तीला आले होते. त्यांनी काय केलं, तर एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर तिन्ही गावांच्या खातेदारांना बोलावलं आणि धरणात किती आहे, पिण्याला किती, बाष्पीभवनाला किती, आपल्या वितरिकेच्या वाट्याला किती दिवस, हे कागदावरून वाचून दाखवलं. मग म्हणाले, "एवढंच आहे. आता भांडायचं असेल तर माझ्यासमोर भांडा." दोन तास भांडण झालं. शेवटी ठरलं की प्रत्येकाने एकच एकर भिजवायचं, शाळू किंवा हरभरा, उसाला थेंब नाही, आणि सुरुवात शेपटाकडून. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीवर त्यांनी गेरूने नावं आणि तास लिहून टाकले. माझं नाव दुसरं होतं. तेवीस वर्षांत यादीत इतक्या वर ते प्रथमच पाहिलं.

त्या वर्षी मला एका एकराला एक पाणी मिळालं. शाळू पोटरीत आला होता, तेवढ्यावर निघाला, कणसं बारीक राहिली, पण कडबा झाला. हेडच्या लोकांचे ऊस वाळले. आणि साहेब, त्या आवर्तनात आमच्या चारीवर एकही मारामारी झाली नाही, एकही कुलूप तुटलं नाही, पोलीस आले नाहीत.

दोन वर्षांनी पाऊस चांगला झाला. धरण भरून सांडव्यावरून वाहिलं. रब्बीला दोन आणि उन्हाळी एक अशी तीन आवर्तनं पेपरात जाहीर झाली. आमच्यापर्यंत पहिलं आलं, दुसरं अर्धं आलं, तिसरं आलंच नाही. एकूण हिशेब मांडला तर मला २०१८ पेक्षा जास्त पाणी मिळालं होतं. तरी त्याच वर्षी आम्ही राज्य रस्त्यावर बैलगाड्या लावल्या, त्यात मीही होतो. केस अजून चालू आहे.

यावर मी बराच विचार केला. भरल्या धरणाच्या वर्षी माणसं रस्त्यावर उतरतात आणि कोरड्या धरणाच्या वर्षी गप्प राहतात, हे कसं? आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला बसलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर माहीत आहे. आमटी संपली, शेवटच्या चार पानांना पातळ वाढली, तर कोणी ताटावरून उठत नाही. यजमान हात जोडतो, पाहुणेही समजून घेतात. पण वाढपी तुमच्या पानावरून पुढे जाऊन सोयऱ्याच्या पानावर तुपाची धार सोडतो, तेव्हा घास घशाखाली उतरत नाही. आमटी दोन्हीकडे तेवढीच. भाषेने या दुसऱ्या प्रकाराला वेगळा शब्द करून ठेवलाय, पंक्तिप्रपंच. पहिल्याला शब्द नाही, कारण तो कोणाला गुन्हाच वाटला नाही.

माझी मुलगी पुण्यात समाजकार्याचं शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, यावर लोकांनी शास्त्रशुद्ध काम केलंय. टॉम टायलर म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९८४ साली शिकागो शहरात १५७५ लोकांशी पोलिसांच्या आणि कोर्टाच्या अनुभवांबद्दल बोलून माहिती गोळा केली. निकाल आपल्या बाजूने लागला की विरुद्ध, यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का, सगळ्यांना एकच माप लावलं का, माणूस म्हणून नीट वागवलं का, यावरून लोक अधिकाऱ्याला न्यायी किंवा अन्यायी ठरवत होते. मी तिला म्हटलं, हे तर आमच्या पाटकऱ्याला ठाऊक होतं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या पाटकऱ्याने ते कुठे लिहून ठेवलं होतं?" भिंतीवर लिहिलं होतं, पण पुढच्या वर्षी शाळेला रंग दिला.

आता मीच माझ्या विरुद्ध एक साक्ष देतो. नाहीतर हेडचे लोक देतीलच.

मध्ये एक वर्ष असं आलं की माझ्या कांद्याला पाणी हवं होतं आणि शेजपाळीत, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांच्या यादीत, माझा नंबर नऊ दिवसांनी होता. गावातल्या एका पुढाऱ्याशी माझं बरं होतं. त्याने मोबाईल काढला, कोणाशी तरी दीड मिनिट बोलला आणि म्हणाला, "जा, रात्री दार उघड." मी उघडलं. रात्रभर पाणी घेतलं. सकाळी ज्याची पाळी होती तो बांधावर येऊन उभा राहिला. माझ्यापुढचा, ओढ्याकाठचा. काही बोलला नाही, भिजलेल्या सरींकडे बघून निघून गेला. त्याचा हरभरा त्या पाण्यावाचून घाटे धरताना वाळला. त्या वर्षी मी समितीला निवेदन दिलं नाही. कालव्याचा कारभार मला त्या वर्षी चांगला वाटत होता.

म्हणजे न्याय जोखायला बसलेला माणूस आधी आपल्या वाफ्यात किती पाणी आहे ते बघतो. मी बघितलं, तुम्हीही बघाल. म्हणून "लोकांना पटेल तसं करू" हे उत्तर मला पुरत नाही. ज्याला मिळालं त्याला पटतं, आणि तुमच्या बैठकीत बोलणारे बहुतेक ते असतात ज्यांना मिळालेलं असतं. पाणी घेण्याआधी, आपला नंबर कितवा लागणार हे कोणालाच माहीत नसताना जो नियम ठरतो, त्याचीच थोडीफार खात्री देता येते. आपल्याच जुन्या जाणत्या माणसांनी हे ओळखलं होतं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालचं सगळं शिवार तीन-चार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्यांची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. कोणता ठेवायचा हे ठरवताना तुमची-माझी जमीन सगळीकडे असल्यामुळे कोणाचाच फार मोठा फायदा नसतो नि फार मोठा तोटाही नसतो. पाण्यावर जागल्या, पाटकरी, हवालदार गावाने नेमलेले, त्यांची मजुरी गावाने धान्यात दिलेली, म्हणून ते गावालाच जबाबदार. आमच्या कालव्यावर हेडची जमीन हेडच्याच माणसाची, टेलची टेलच्याच माणसाची. त्यामुळे प्रत्येक नियम कोणाच्या तरी जमिनीचं नाव घेऊनच जन्माला येतो.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे या इंजिनिअरने १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम उभं केलं. त्यांचा नियम तुमच्यापैकी अनेकांनी भाषणात वापरला असेल. पाणी जमिनीवर द्यायचं नाही, माणसांवर द्यायचं. डोई अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. भूमिहीनालाही वाटा. हा नियम ऐकला की मला थोडं अस्वस्थ वाटतं, कारण त्याच्या हिशेबाने माझं दुखणंसुद्धा पुढच्या रांगेतल्या माणसाचं दुखणं ठरतं. मी टेलला असलो तरी माझ्या नावावर सातबारा आहे. माझ्या रानात कांदा काढायला येणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच शेजपाळीत नाही. त्यांच्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही, हे मला कळतंय. त्यांनी लिहिलं तर त्यात माझ्या तीन एकरांचा उल्लेख कसा येईल, तेही कळतंय.

तर प्रक्रिया चांगली असली म्हणजे वाटप चांगलं झालं, असं होत नाही. याचं एक उदाहरण आमच्या चारीवरचंच. शेजपाळीत आम्हाला तास एकराप्रमाणे दिलेले आहेत. एकराला सहा तास, हेड असो की टेल. कागदावर बघाल तर याहून सरळ काही असूच शकत नाही. माझी थोरली बहीण हेडच्या गावात दिली आहे. दाजींच्या रानात सहा तासांत एक एकर शाळू आडवा भिजतो. माझ्या रानात तोच एकर भिजायला अकरा तास लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर, तासाला लाखभर लिटर. हा हिशेब वितरिकेच्या तोंडाशी खरा असतो. पण मधली चार किलोमीटर मातीची चारी पाणी पिते, उंदरांची बिळं पितात, भेगा पितात, काठची बाभळ पिते. शिवाय चारी ओली होईपर्यंतचे पहिले तास कोणाच्याच खात्यात लिहिलेले नसतात, ते गुपचूप शेवटच्याच्या नावावर पडतात.

मी दाजींना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पाव्हणं, मी माझ्या तासात घेतलं. दुसऱ्याच्या मिनिटाला हात लावला का?" नाही लावला. दाजी सज्जन माणूस आहेत, माळकरी आहेत, त्यांनी कधी रात्री दार फोडलेलं नाही. एकही माणूस न चुकता, एकही नियम न मोडता मला निम्मं पाणी मिळू शकतं. आणि असं झालं की चोर सापडत नाही, त्यामुळे रागाला जागाच मिळत नाही. मग माणूस सगळ्यांवरच रागावतो. रस्त्यावर बैलगाड्या लावतो.

म्हणून घड्याळाचे तास सोडून घनमापनाने, म्हणजे प्रत्येक मोघ्यावर मोजून पाणी द्या, ही मागणी जुनी आहे आणि कायद्यात लिहिलेलीही आहे. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणी वापर संस्थांना मोजून कोटा द्यायचं ठरवलं, आणि संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना सारख्या जागा ठेवल्या. हे लिहिणारा माणूस कधीतरी चारीवर चाललेला असणार. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या सुमारास, ओझरला टेलच्याच शेतकऱ्यांच्या संस्था काढून दाखवल्या. ज्यांना पाणी पोचत नव्हतं त्यांनीच व्यवस्थापन हातात घेतलं. आमच्याकडेही संस्था आहे, तिला बोर्ड आहे, बोर्डाला कुलूप आहे. मोजपट्टी वितरिकेच्या तोंडाशी एकच आहे, तीही गाळात अर्धी गेलेली.

तुमच्या बैठकीबद्दल लिहितो. पंधरा ऑक्टोबरनंतर ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते. मी दोनदा आलो होतो. पहिल्यांदा दाराशीच थांबवलं. दुसऱ्यांदा आत गेलो. एसी चालू होता. अध्यक्षांना यायला दीड तास उशीर झाला, मग सगळं चाळीस मिनिटांत आटोपलं. पडद्यावर साठ्याचे आकडे आले आणि गेले, उतरवून घेईपर्यंत पुढचं पान. हेडच्या बाजूचे दोन कारखान्यांचे प्रतिनिधी बोलले, एक आमदार साहेब बोलले. मी हात वर केला तर कोणीतरी अगदी आदराने म्हणालं, "काका, निवेदन देऊन ठेवा, त्यावर विचार होईल." बाहेर आल्यावर चहा-बिस्किटं होती. सगळे नीट बोलले. मी निवेदन दिलं, त्यावर आवक नंबर पडला. आवर्तनाची तारीख आणि दिवस मला तिसऱ्या दिवशी पेपरात वाचायला मिळाले, आणि ते पारावर आमच्याकडे आधीच फिरत असलेल्या तारखांशी तंतोतंत जुळत होते. म्हणजे बैठकीच्या आधीच ठरलेलं होतं. मला राग आला तो इथे. मुलीने सांगितलेल्या शिकागोच्या अभ्यासाचा तुम्ही असा अर्थ लावाल अशी मला भीती आहे: ऐकून घेतल्यासारखं करा, माणूस शांत होतो. एकदा होतो. दुसऱ्या वर्षी तो त्याच चहाचा कप हातात घेऊन तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया शहरात पाण्याचं एक न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात आठ कालव्यांचे आठ पंच खुर्च्या टाकून बसतात. पंच शेतकऱ्यांनीच निवडलेले. वकील नाही, सगळं तोंडी, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कानावर पडेल असं, निकाल तिथल्या तिथे. शेकडो वर्षं चालू आहे, २००९ साली युनेस्कोने वारसा म्हणून त्याची नोंद घेतली. बहुतेक गुरुवारी म्हणे तक्रारच नसते, पंच बसतात आणि उठतात. आपल्याकडे हे जसंच्या तसं आणा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे देवळाच्या दारात आधीच बरंच काही चालतं. पण जिथे पाणी मिळतं तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर बसायचं, एवढं तर चोरता येईल.

वरच्या पातळीवरचं एक उदाहरण तुम्हाला जवळचं आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातलं कलम १२ (६) (क), म्हणजे खोऱ्यात तूट आली तर ती वरच्या-खालच्या धरणांनी समन्यायाने वाटून घ्यायची. त्यातून जायकवाडीचं भांडण उभं राहिलं, मेंढेगिरी समितीचं सूत्र आलं, जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल तर वरून सोडायचं. नगर-नाशिकवाल्यांना ते सूत्र आवडलं नाही, मराठवाड्यालाही पुरेसं वाटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ साली निकाल लागला. तरी माझ्या मते त्या सूत्राने एक काम केलं. भांडण आकड्यावर आलं. ६५ का, ६० का नाही, यावर दोन शहाणी माणसं बसून वाद घालू शकतात. २०२३ साली ऑक्टोबर अखेरीला ८.६०३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, आणि पाणी प्रत्यक्ष सुटलं नोव्हेंबरच्या अखेरीस. त्या चार आठवड्यांत सूत्राने मिळवलेला सगळा विश्वास पुन्हा वाहून गेला. परभणीच्या माझ्या एका मित्राने तेव्हा फोनवर विचारलं, "नियम आमच्या बाजूने आहे ना रे? मग पाणी कुणाच्या बाजूने आहे?"

मोठ्या धरणांमध्ये जे तुम्हाला कबूल आहे, तूट आली तर ती वाटून घ्यायची, तेच वितरिकेवर का होत नाही? आमच्याकडे तूट वाटली जात नाही, ती शेपटाला साठते. आवर्तन दोन दिवस आधी बंद झालं, वीजपंप बिघडला, वर कुठे भराव फुटला, सणामुळे पाटकरी नव्हता, काहीही होवो, कापले जातात ते शेवटचे दोन दिवस. खात्याचं म्हणणं असतं की शेपटाकडून सुरुवात केली तर कोरड्या चारीत पाणी वाया जातं. चारी कोरडी तर पहिल्या दिवशी असतेच, कोणीही आधी घेतलं तरी ती एकदाच ओली करावी लागते. फरक एवढाच की शेपटाकडून सुरू केलं तर अर्धवट राहिलेल्या आवर्तनाचा फटका हेडला बसतो, आणि हेडच्या माणसाला फटका बसला की त्याचा फोन लागतो. आवर्तन वेळेआधी बंद व्हायचं थांबेल ते त्या फोनमुळेच. माझ्या फोनने ते थांबत नाही, मी करून बघितलंय. "टेल टू हेड" हे तुमच्याच खात्याच्या तोंडचं वाक्य आहे, ते फक्त वितरिकेवर उतरू द्या.

मला काय हवं ते यात आलंच आहे, तरी साहेबांना एकत्र लागतं म्हणून लिहितो. साठ्याचे, पिण्याच्या राखीव पाण्याचे आणि आमच्या वितरिकेला मिळणाऱ्या दिवसांचे आकडे बैठकीच्या आठ दिवस आधी तिन्ही ग्रामपंचायतींच्या फळ्यावर. बैठकीपैकी एक तरी कालव्यावर, टेलच्या गावात. तारीख बदलली तर कारणासह त्याच फळ्यावर, "तांत्रिक कारण" हे शब्द सोडून. शेवटच्या मोघ्यावर मोजपट्टी, आणि तिथे पाणी पोचल्याशिवाय आवर्तन पूर्ण झालं असं लिहायचं नाही. जो फोनवर पाणी घेईल त्याचा पंचनामा, तो टेलचा असला तरी. माझा झाला असता तर मी दंड भरला असता. शिव्या देत भरला असता, पण ओढ्याकाठच्या माणसाला मला नजर देता आली असती.

त्याच्याशी मी अजून त्या रात्रीबद्दल बोललेलो नाही. मागच्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढायला उभा होतो. शेवटच्या ओळीला आमटी कमी पडायला लागली तेव्हा मी बादली घेऊन त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, काय करू. तो म्हणाला, "सगळ्यांना अर्धी अर्धी वाढ, नि तसं सांग." तसं सांगितलं.

यंदा पंधरा ऑक्टोबरनंतरच्या बैठकीला मी येणार आहे. निवेदन आणणार नाही. २००९ पासूनची एक वही आणतो. प्रत्येक आवर्तनाची जाहीर केलेली तारीख डाव्या पानावर, आमच्या मोघ्यावर पाणी आलं ती तारीख उजव्या पानावर. काही उजवी पानं कोरी आहेत. पडद्यावरचे आकडे उतरवून घ्यायला दहा मिनिटं आणि मागच्या रांगेत एक खुर्ची मिळाली तर बरं होईल.

कळावे,

आपला,
शेवटून दुसऱ्या मोघ्याचा खातेदार